चार नंबरचं घड्याळ

"चार पॉइंट सहा," मी म्हणालो.

मुळीक सरांनी डोक्यावरची टोपी काढली, आत काही लिहून ठेवलंय की काय तसं तिच्यात बघितलं आणि परत घातली.

"नीट बघ, कुरणे."

"काटा थांबलाय सर. मी नीट बघितल्यानं तो मागं जाणार आहे का?"

इनामदार मॅडमनी वहीत आकडा लिहिला. पहिल्या बेसच्या पुढं वीसेक पावलांवर जाऊन थांबलेली वैजयंता हजारे कमरेवर हात ठेवून आमच्याकडे बघत होती. एवढं पळूनही पोरीला धाप लागलेली नव्हती. तिला फक्त आकडा ऐकायचा होता, आणि तो तिनं मुळीक सरांच्या तोंडावरून वाचला असणार, कारण ती काहीही न विचारता बॅट उचलायला परत निघाली.

ही एकोणीसशे चौऱ्याण्णवच्या फेब्रुवारीतली गोष्ट. मी आमच्या तालुक्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. पोरं तोंडावर 'कुरणे सर' म्हणायची आणि पाठीमागं 'लंबक'. मी चालताना दोन्ही बाजूंना सारखाच झुलतो म्हणून ते नाव पडलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. सारखेपणाची मला हौसच होती. वजनं, तराजू, भिंगं, घड्याळं, सगळं जिथल्या तिथं आणि जसंच्या तसं. कुरण्यांनी मोजलं म्हणजे मोजलं, असं प्राचार्यसुद्धा म्हणायचे, आणि मी ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचो.

बेसबॉल म्हणजे काय, हे तेव्हा आमच्या गावात शंभर जणांना विचारलं असतं तर नव्व्याण्णवांनी क्रिकेटचाच कुठला तरी प्रकार म्हणून सांगितलं असतं. शंभरावे मुळीक सर. ते जिमखान्याचे प्रमुख. कुठल्याशा शिबिरात हा खेळ शिकून आले आणि त्यांनी कॉलेजच्या पोरींची टीमच उभी केली. मला त्यातलं एवढंच समजलं होतं, की चेंडू बॅटला लागला की पळत सुटायचं, नव्वद फुटांवर पहिला बेस असतो, तिथं चेंडू पोचायच्या आत आपला पाय पोचला पाहिजे. या नव्वद फुटांना किती सेकंद लागतात, त्यावर पाय जोखतात.

राज्याच्या मुलींच्या संघात एक जागा निव्वळ पळणारीसाठी ठेवलेली होती. सामन्यात मोक्याच्या वेळी दुसरीच्या बदली बेसवर उभं राहायचं आणि वाऱ्यासारखं सुटायचं, एवढंच तिचं काम. ती पोरगी शोधत इनामदार मॅडम गावोगाव हिंडत होत्या. अट एकच, वेळ साडेचार सेकंदांच्या आत हवी. मुळीक सरांनी वैजूची वेळ चार पॉइंट चार म्हणून कळवली होती.

मॅडमनी आल्या आल्या सांगितलं, "मुळीक, तुमच्या आकड्यावर मी जाणार नाही. प्रत्येक कोचचा अंगठा आपल्या पोरीसाठी जरा आधीच दाबला जातो. माझं स्टॉपवॉच परवा मिरजेत पाण्यात पडलं. ज्याला या खेळाशी आणि या मुलीशी काही देणंघेणं नाही असा माणूस द्या, आणि एक बरं घड्याळ."

म्हणून मला बोलावलं. लॅबमध्ये सहा स्टॉपवॉच होती. त्यातली पाच पोरांच्या हाताळण्यानं काळी पडली होती. चार नंबरचं तेवढं नव्यासारखं होतं, कारण ते मी वर्षातून एकदाच, प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून परीक्षक आले की त्यांच्या टेबलासाठी काढायचो. एरवी ते मखमलीच्या डबीत, माझ्या कुलपात. त्या दिवशी मी तीच डबी खिशात घालून मैदानावर गेलो. जावयाला ठेवणीतलं ताट काढावं तसं ते घड्याळ काढलं होतं.

मैदानावर मी पहिल्या बेसच्या बाजूला उभा राहिलो. चेंडू लागल्याचा आवाज माझ्यापर्यंत यायला थोडा वेळ लागणार, म्हणून मी आवाजावर नाही, डोळ्यावर घड्याळ सुरू करणार, हे मी मॅडमना समजावूनही सांगितलं. त्यांनी मान हलवली. मला बरं वाटलं.

दुसऱ्यांदा वैजू उभी राहिली. ती डावखुरी उभी राहायची. मुळीक सरांनी तिला मुद्दाम तसं शिकवलं होतं, कारण त्या बाजूनं पहिला बेस एक-दीड पाऊल जवळ पडतो.

"हे चालतं का?" मी मॅडमना हळूच विचारलं.

"चालतं. तुम्ही पण डावीकडून उभे राहा, कुणी नको म्हणणार नाही."

मुळीक सरांनी चेंडू टाकला. वैजूनं तो हलकेच टोलवला आणि बॅट सोडली. मी लहानपणापासून पळणारी माणसं बघितली होती. बैलांपुढं पळणारी, एसटीमागं पळणारी. हे पळणं वेगळं होतं. तिचं डोकं हलत नव्हतं. खालचे पाय काय करतायत याची डोक्याला खबरच नसल्यासारखं ते सरळ माझ्याकडे येत होतं. तिचा पाय बेसवर पडला आणि मी अंगठा दाबला.

चार पॉइंट सहा.

"अंतर मोजा," मीच म्हणालो, कारण मुळीक सरांचा चेहरा मला बघवेना. "टेप आणा. नव्वदचे ब्याण्णव फूट झाले असतील तर पोरीवर अन्याय नको."

टेप आणली. मी एक टोक धरलं, मॅडमनी दुसरं. टेपचं सुरुवातीचं टोक झिजलेलं नाही ना, तेही मी तपासलं. नव्वद फूट बरोबर. मग टीममधल्या दुसऱ्या एका पोरीला पळायला लावून मी मुळीक सरांना शेजारी उभं केलं आणि त्यांच्या अंगठ्याचं निरीक्षण केलं. ते पाय बेसवर पडायच्या आधी दाबतात की नंतर, हे मला बघायचं होतं. त्यांचं घड्याळ बंद पडलेलं होतं, पण अंगठा मोकळा होता, त्यामुळं त्यांनी नुसताच हवेत दाबून दाखवला. मला तो किंचित आधी दाबल्यासारखा वाटला.

"बघा," मी म्हणालो. "इथं तुमचे दोन दशांश गेले."

"कुरणे, लेका, माझा अंगठा पंचवीस वर्षं घड्याळं दाबतोय."

"म्हणूनच त्याला सवय लागलीय."

मॅडम हसल्या. मुळीक सर हसले नाहीत. वैजू तोवर पाणी पिऊन आमच्याजवळ आली होती. तिच्या वडिलांची गावात पिठाची गिरणी होती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आणि गिरणीवर दळण घेऊन जाणाऱ्या निम्म्या गावाला हेही माहीत होतं, की यंदा राज्यात नाव आलं तर खेळ, नाहीतर बॅट माळ्यावर आणि पोरगी पुस्तकात, असं त्यांनी सांगून ठेवलंय. साधा माणूस होता. दरवर्षी 'पुढच्या वर्षी नक्की' ऐकून कंटाळला होता.

वैजूनं माझ्या हातातल्या घड्याळाकडं बघितलं.

"सर, हे चार नंबरचं हाय का?"

"हो. ओळखलंस?"

"बारावीच्या परीक्षेला हेच दिलं होतं तुम्ही. परीक्षकांच्या टेबलावर." तिनं वाकून घड्याळ बघितलं. "दुसऱ्या एखाद्या घड्याळानं बघाल का एकदा? दोन नंबरचं असलं तरी चालंल."

"अगं, दोन नंबरचं पोरांनी चारदा फरशीवर पाडलंय. हे आपल्या लॅबमधलं सगळ्यात चांगलं घड्याळ आहे."

"व्हय," ती म्हणाली आणि बॅट घेऊन गेली.

तिसऱ्यांदाही चार पॉइंट सहा. मॅडमनी वही मिटली. तीन वेळा एकच आकडा आल्यावर बोलायला जागाच राहिली नव्हती. "मुलगी चांगली आहे," त्या मुळीक सरांना म्हणाल्या. "पण माझ्यापुढं साडेचारची रेघ आहे. उद्या सकाळी आठच्या गाडीनं मी पुण्याला निघते आणि यादी देते. वाईट वाटून घेऊ नका."

वैजूनं वाकून बेस म्हणून ठेवलेली पिशवी उचलली आणि झटकली. मग दुसरी उचलली. नेहमीसारखं सगळं सामान गोळा करून तिनं जिमखान्यात नेऊन ठेवलं आणि आपली बॅट तेवढी घरी नेली. मी मात्र मनातून खूश होतो. एका माणसाचा मोह मी दोन दशांश सेकंदांपर्यंत मोजून दाखवला होता.

सहाच्या सुमाराला लॅबमध्ये घड्याळ परत ठेवायला गेलो. पण वैजूचा प्रश्न डोक्यातून जाईना. दोन नंबरच का? सहा घड्याळांतलं नेमकं ते काळं, चेपलेलं घड्याळ तिला का हवं होतं? मी तसा चौकस माणूस, आणि एकदा किडा वळवळला की मला चहा गोड लागत नाही. आदल्या वर्षीच्या प्रयोगवह्या खालच्या कप्प्यात होत्या. हजारे वैजयंता, बारावी ब. साध्या लंबकाचा प्रयोग काढला.

हा प्रयोग कॉलेजात गेलेल्या कुणालाही आठवत असेल. दोऱ्याला धातूचा गोळा बांधायचा, तो झुलवायचा, वीस झोके किती सेकंदांत होतात ते घड्याळावर मोजायचं आणि त्यावरून गणित करून पृथ्वीच्या ओढीचा आकडा काढायचा. तो नऊशे ऐंशीच्या आसपास यायला हवा. वैजूच्या वहीत शाईनं लिहिलं होतं, एक हजार सेहेचाळीस. भोवती प्रयोग तपासणाऱ्या सरांचं लाल वर्तुळ, शेजारी 'पुन्हा करा'. आणि वरच्या कोपऱ्यात तिच्या अक्षरात, घड्याळ क्र. २.

मला तो दिवस आठवला. मीच तिला म्हणालो होतो, "अगं, खोड ते आणि नऊशे ऐंशी लिही. सगळे तसंच करतात." ती म्हणाली होती, "मला आलं ते लिहिलंय, सर." मला ती हट्टी वाटली होती. मग परीक्षेच्या दिवशी परीक्षकांच्या टेबलावर, चार नंबरच्या घड्याळानं, तिचं उत्तर नऊशे एकोणऐंशी आलं. पेपर देताना तिनं मला विचारलं होतं, "सर, आज बरोबर कसं काय आलं?" आणि मी काहीतरी चेष्टेवारी उत्तर दिलं होतं, परीक्षेत देव पावतो म्हणून.

वही हातात धरून मी स्टुलावर बसलो.

सात वर्षांपूर्वी परीक्षेला आलेल्या एका गृहस्थांनी आमचे एक हजार चाळीस, एक हजार पन्नास असले आकडे बघून सगळ्यांदेखत विचारलं होतं, "काय हो, तुमच्या तालुक्यात पृथ्वी जास्त ओढते का?" आमचे विभागप्रमुख हेर्लेकर सर लालबुंद झाले. नंतर मला बोलावून म्हणाले, "पुढच्या वर्षी नऊशे ऐंशी आलं पाहिजे. कसं ते तुम्ही बघा." मी गोळे बदलले, दोरे बदलले, पंखे बंद करून बघितलं. काही केल्या आकडा खाली येईना. शेवटी गणित उलटीकडून केलं. झोक्यांना घड्याळानं थोडा जास्त वेळ दाखवला तर आकडा बरोबर येत होता. मग एक घड्याळ घेऊन पेठेतल्या मोमीन चाचांकडे गेलो.

"मिनिटाला दोन सेकंद पुढं?" चाचा भिंग डोळ्यावरून काढून म्हणाले होते. "लोक घड्याळ बरोबर कराया आनत्यात, भाऊ."

"कॉलेजचं काम आहे, चाचा."

त्यांनी केसासारख्या स्प्रिंगचा तुकडा छाटून दिला. ते घड्याळ म्हणजे चार नंबर. त्या वर्षी उत्तर बरोबर आलं, पुढच्या वर्षी आलं, सात वर्षं येत राहिलं. जे घड्याळ बरोबर उत्तर देतं तेच बरोबर, असं हळूहळू माझं मलाच पटत गेलं असलं पाहिजे. विसरलो म्हणावं तर मी विसरलो नव्हतो. पण मैदानावर डबी उघडताना ते मला आठवलंही नाही. याला काय म्हणतात ते मला अजून नीट सांगता येत नाही.

दोन नंबरचं घड्याळ काढलं, चार नंबरचं काढलं, दोन्हींची बटनं एकदम दाबली आणि भिंतीवरच्या घड्याळासमोर धरली. दोन नंबरचा काटा साठावर आला तेव्हा चार नंबर बासष्टवर होता. कागदावर भागाकार केला. चार पॉइंट सहाचे चार पॉइंट चार पाच होत होते. मुळीक सरांच्या अंगठ्यात काही खोट नव्हती.

घरी जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं तर डोकं दुखतंय म्हणालो. सांगितलं तर काय होईल, ते मला स्वच्छ दिसत होतं. सात वर्षांच्या परीक्षा, हेर्लेकर सर, माझी नोकरी, आणि 'कुरण्यांनी मोजलं म्हणजे मोजलं'. न सांगितलं तर एक बॅट माळ्यावर जाईल. मग मी मधला रस्ता काढला. सांगायचं, पण अंगठ्याचं सांगायचं. माझाच अंगठा उशिरा दाबला गेला असावा, पुन्हा एकदा बघू या. तेवढ्यावर मला झोप लागली.

सकाळी साडेसातला एसटी स्टँडवर गेलो. मॅडम बाकावर बॅग मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी पाठ केलेलं सगळं बोलून दाखवलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "कुरणे, तुम्ही तीन वेळा मोजलंत. तिन्ही वेळा चार पॉइंट सहा. अंगठा चुकतो तेव्हा कधी इकडं चुकतो, कधी तिकडं. तीनदा सारखाच कसा चुकेल?"

माझा हात खिशातल्या डबीवर गेला.

"मुळीकांनी पाठवलंय का तुम्हाला?"

त्या प्रश्नानं मात्र मला बोलतं केलं. मुळीक सरांवर मी काल एक ठपका ठेवला होता, आज हा दुसरा लागत होता. मी खिशातून डबी काढली, घड्याळ त्यांच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं. पृथ्वी जास्त ओढते का इथपासून मोमीन चाचांपर्यंत. आठची गाडी लागली, कंडक्टरनं दोनदा घंटी मारली, मॅडम हलल्या नाहीत. त्यांनी मनगटावरचं घड्याळ माझ्या घड्याळाशेजारी धरलं आणि एक मिनिट आम्ही दोघंही दोन काट्यांकडे बघत राहिलो.

"बासष्ट," त्या म्हणाल्या.

"भागाकार केला तर तिची वेळ चार पॉइंट पंचेचाळीस येते. मी कागद आणलाय."

"भागाकार करून मुलगी निवडता येत नाही मला. ती पुन्हा पळेल." त्या उठल्या. "दहाला एक गाडी आहे ना? आणि कुरणे, हे तुम्ही मला सांगितलंत. तिला कोण सांगणार?"

मुळीक सर वैजूला त्यांच्या एम-एटीवर मागं बसवून मैदानावर घेऊन आले. ती सकाळची गिरणीवर बसायची, त्यामुळं तिच्या हातांवर आणि भुवयांवर पीठ होतं. मी तिला सांगितलं. माझी मान खाली होती, पण सांगितलं. घड्याळ मिनिटाला दोन सेकंद पुढं जातं, ते मीच तसं करून घेतलं होतं, का करून घेतलं होतं, सगळं. मुळीक सर माझ्याकडे असं बघत होते की जणू मी कुठल्या तरी परक्या भाषेत बोलतोय.

वैजू म्हणाली, "व्हय." मग म्हणाली, "किती वेळा पळू?"

दोन नंबरचं घड्याळ मॅडमनी आधी पाच मिनिटं आपल्या मनगटाशी ताडून बघितलं आणि स्वतःच्या हातात घेतलं. मला त्यांनी घड्याळाला शिवू दिलं नाही, आणि ते बरोबरच होतं. वैजूनं चपला काढल्या, बूट घातले, हात ट्रॅकपँटला पुसले. मुळीक सरांनी चेंडू टाकला. मी पहिल्यांदाच नुसता बघत उभा होतो, हातात काही नव्हतं, मोजायचं काही नव्हतं. ती आली आणि गेली.

"चार पॉइंट चार," मॅडम म्हणाल्या.

पुन्हा चार पॉइंट चार. तिसऱ्यांदाही तेच. मुळीक सरांनी टोपी काढली आणि यावेळी ती परत घातलीच नाही. आपला उजवा अंगठा माझ्या नाकासमोर धरून त्यांनी तो मला दोन्ही बाजूंनी दाखवला. मी त्या अंगठ्याला हात जोडले.

कॉलेजात जे व्हायचं ते झालं. हेर्लेकर सर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मला लेखी समज मिळाली, आणि पुढच्या परीक्षेपासून घड्याळांच्या कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे गेली. नोकरी राहिली. वैजूचं नाव यादीत आलं. पुढं ती राज्याकडून दोन वर्षं खेळली. तिला बॅट हातात धरायला फारशी मिळाली नाही, पण तिला बेसवर उभं केलं की समोरच्या संघाचं लक्ष चेंडूवरून उडायचं, असं मुळीक सर रंगवून सांगायचे.

पण मला सांगायचंय ते ती राज्याच्या संघाच्या शिबिराला निघायच्या आदल्या दुपारचं. ती लॅबमध्ये आली. आत कुणी नव्हतं.

"सर, एक विचारायचं होतं. घड्याळाचं कळलं मला. पण दोन नंबरचं बरोबर हाय म्हनल्यावर मग एक हजार सेहेचाळीस का येतंय?"

खरं सांगतो, तो प्रश्न सात वर्षांत मला कुणी विचारला नव्हता, आणि घड्याळ छाटून आणल्यापासून मीही स्वतःला विचारायचं सोडून दिलं होतं.

"गोळा झुलवू या का?" ती म्हणाली.

मी स्टँड मांडलं. स्टँडच्या चिमट्यात चार सेंटिमीटर जाडीचं बूच, बुचाला उभी चीर, चिरेतून वरून खाली दोरा, दोऱ्याला गोळा. मी पट्टी घेऊन सवयीप्रमाणे बुचाच्या वरच्या कडेपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत मापलं. दोरा वरून बाहेर येतो, म्हणून मी वर्षानुवर्षं पोरांना तिथूनच मोजायला शिकवत आलो होतो. बरोबर साठ सेंटिमीटर. वैजूनं गोळा सोडला. तो झुलायला लागला. ती गोळ्याकडं बघतच नव्हती. ती खाली वाकून बुचाकडं बघत होती.

"सर, दोरा कुठनं हलतोय बघा."

मी वाकलो. दोरा बुचाच्या आत घट्ट धरलेला होता. तो हलत होता बुचाच्या खालच्या कडेपासून. वरचे चार सेंटिमीटर नुसतेच आत बसून होते. झुलण्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. साठ नव्हे, छप्पन्न. मी दोन नंबरचं घड्याळ तिच्या हातात दिलं, तिनं वीस झोके मोजले, मी कागदावर गणित केलं. नऊशे अठ्ठ्याहत्तर.

म्हणजे घड्याळ पहिल्यापासून बरोबरच होतं. माझी पट्टी चुकत होती, आणि पट्टी तपासायच्या ऐवजी मी एक चांगलं घड्याळ बिघडवून आणलं होतं. मैदानावर टेपचं टोक झिजलंय का तेसुद्धा बघणारा मी.

"तुला चार नंबरचा संशय होता," मी म्हणालो. "मैदानावरच होता ना? मग धडधडीत बोलली का नाहीस?"

"बोलले की सर. दुसऱ्या घड्याळानं बघा म्हनलं. तुम्ही म्हनला, हे सगळ्यात चांगलं हाय."

"मी म्हटलं म्हणून काय झालं? वहीतला आकडा खोडायला सांगितला तेव्हा माझं ऐकलं नव्हतंस."

तिनं गोळा हातात धरून थांबवला.

"ते पृथ्वीचं होतं," ती म्हणाली. "हे माझं होतं. तीनदा तेवढंच आलं, मग मला वाटलं, घड्याळ कशाला चुकंल, मीच हळू झाले असंन. घरी गेल्यावर बॅट मी माझ्या हातानंच माळ्यावर ठेवली. तुम्ही एसटी स्टँडवर गेला तेव्हा ती वरच होती."

स्टँडवर मॅडमसमोर मला लाज वाटली होती. पण ही त्याहून खोल गेली. माझ्या एका घड्याळावर विश्वास ठेवून त्या पोरीनं आपल्या पायांवरचा विश्वास काढून घेतला होता, एका रात्रीपुरता का होईना.

ती आपली जुनी प्रयोगवही मागायला आली होती. मी ती काढून दिली. तिनं पान उघडलं, लाल वर्तुळातला आकडा तसाच ठेवला, आणि त्याच्याखाली आजची तारीख घालून लिहिलं : लांबी बुचाच्या खालून मोजली. मग पेन माझ्यापुढं धरलं.

"सही करा सर."

सहायकाच्या सहीला वहीत कुठं जागा नसते. मी सरांच्या 'पुन्हा करा'च्या शेजारी, होती तेवढ्या जागेत, माझं पूर्ण नाव लिहिलं.